घड्याळ बरोबर आहे, उठवणाराच झोपतोय

तुमच्या देवगडच्या आंबा पिकवणीच्या खोलीतला बोर्ड (छोटा लिनक्स कॉम्प्युटर) दिवसा दर 10 सेकंदांनी तापमान लिहितो, रात्री मात्र नोंदींत वीसवीस मिनिटांची भोकं पडतात, आणि तुम्ही लॉगिन केलंत की सगळं ठणठणीत. आरटीसीचा, म्हणजे बोर्डावरच्या घड्याळाचा, सेल दोनदा बदलून झाला, आता संशय दमट हवेवर. दोघांचाही यात हात नाही. भोकानंतरच्या पहिल्या नोंदीची वेळ बरोबरच आहे ना? म्हणजे घड्याळ चालूच होतं. प्रोसेसरला वेळेवर हाक गेली नाही.

तुमच्या बोर्डावरच्यासारख्या एआरएम प्रोसेसरमध्ये वेळ मोजणारा काउंटर सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र मेंदूंना) मिळून एकच, आणि तो कायम चालू. पण ‘अमुक वेळी उठव’ हे लक्षात ठेवणारा टायमर ज्याच्या त्याच्या कोअरमध्ये. कोअर खोल झोपेत गेला, त्याची वीज तुटली, की टायमरही गेला. मग दुसरा कुठलातरी इंटरप्ट (उठवणारा इशारा) येईपर्यंत तो तसाच पडून राहतो. दिवसा घरातलं कोणीतरी फोनवर आकडा बघतं, त्या पॅकेटनेच बोर्ड जागा होतो. तुमचं लॉगिनही त्याला हलवून उठवणंच, त्यामुळे तुम्हाला तो आजारी दिसणारच नाही.

यावर तोड लिनक्समध्ये 2007 च्या 2.6.21 आवृत्तीपासून आहे: झोपणारा कोअर आपली उठायची वेळ न थांबणाऱ्या टायमरकडे सोपवतो. तसा टायमर नसेल तर नवे कर्नल (लिनक्सचा गाभा) एका कोअरला खोल झोपू देत नाहीत, तो बाकीच्यांना उठवतो. आंब्याच्या राखणीला चौघं असले तरी एकाने जागायचं, तसंच. पण टायमर थांबतो हे कर्नलला कळायला डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाईलमध्ये) त्या आयडल स्टेटखाली, म्हणजे झोपेच्या पायरीखाली, ‘लोकल-टायमर-स्टॉप’ लिहिलेलं लागतं. हर्णैला एका बर्फाच्या कारखान्यात याच दुखण्यापायी मी दोन आठवडे इन्व्हर्टरला शिव्या घातल्या. बोर्डाबरोबर आलेल्या फाईलमध्ये ती एक ओळच नव्हती. 

आधी खात्री करा. सीपीयूआयडलच्या (कोअरच्या झोपेच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये सर्वांत खोल स्टेटच्या ‘डिसेबल’ फाईलमध्ये 1 लिहा, चारही कोअरसाठी. एकच केलात तर फसाल. रीबूट झाला की हे पुसलं जातं. रात्रभरात एकही भोक पडलं नाही तर ‘लोकल-टायमर-स्टॉप’ची ओळ घाला आणि खोल झोप परत चालू करा, नाहीतर लाईट गेल्यावर बॅटरी थोडी लवकर उतरेल. मग प्रॉक (कर्नलची माहिती दाखवणारं फोल्डर) मधल्या टायमर-लिस्टमध्ये ‘ब्रॉडकास्ट डिव्हाइस’खाली कोणाचं नाव येतं ते इथे टाका.

दुसरा सेल परत घेतात का बघा.