वाचक विचारतात: पेशंटऐवजी सोबतचाच बोलत असेल तर?

प्रश्न: नमस्कार ताई, मी कोल्हापुरात 108 च्या ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. आमच्या पायलट म्हणजे ड्रायव्हर लोकांना आणि नवीन डॉक्टरांना मानवी तस्करीवर तासभर ट्रेनिंग द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नेटवर ज्या स्लाईड मिळाल्या त्यात सगळीकडं साखळदंडानं बांधलेल्या मुली, आम्हाला तर असलं कधी काही दिसत नाही. मग शिकवू काय?

उत्तर: डॉक्टर, आधी ते फोटो काढून टाका, नाहीतर तुमचा पायलट आयुष्यभर साखळदंडच शोधत बसेल. तुमच्या गाडीत येणार तो मशीनमध्ये हात सापडलेला परराज्यातला पोरगा, जखम चांगली चार-पाच दिवसांची, आधार कार्ड ठेकेदाराकडं, आपण कुठल्या गावात आहोत ते सांगता येत नाही आणि वय विचारलं की सोबतचाच घाईनं म्हणतो 19. किंवा घरकामाला ठेवलेली भाजलेली पोरगी, जिच्याबद्दल मालकीण सांगते नात्यातलीच आहे, पण पोरीच्या आईचं नाव काय ते मालकिणीला येत नाही.

आता एवढ्यावरनं लगेच तस्करी म्हणायचं नाही हेही ठासून सांगा, कारण आपल्याकडं सुनेच्या पोटदुखीचं वर्णन सासूच करते आणि नवरा मध्येमध्ये भर घालतो, ती बिचारी गप्प. एका खुणेला काही किंमत नाही, तीन-चार एकत्र आल्या की कान टवकारायचे.

मग पहिलं काम, दोघांना वेगळं करायचं, तेही संशय न दाखवता. गाडीत असाल तर सोबतच्याला पुढं पायलटशेजारी बसवा, सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पोचलात की केसपेपर काढायला पाठवा, रांग असतेच, तेवढा वेळ पुरतो. भाषा येत नसेल तर फोनवर कुणीतरी गाठा, पण त्याच ठेकेदाराचा माणूस दुभाष्या म्हणून अजिबात नको.

विचारायचं साधं. झोपता कुठं? कामाचे पैसे हातात येतात का? उद्या काम सोडून घरी जातो म्हटलं तर जाऊ देतील का? घरी शेवटचं कधी बोललात? 'तुमची तस्करी झालीय का' असं विचारलं तर कुणीही नाहीच म्हणणार, त्याच्या डोक्यात आपण फक्त कर्ज फेडतोय एवढंच असतं. आणि सगळी कहाणी काढून घ्यायला बसू नका, ते पोलिसांचं काम, तुम्ही जखम, ती किती दिवसांची, पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, करायला सांगा.

कायद्याचं थोडक्यात घ्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 143 लागतं, त्यात फसवून, धमकावून किंवा आमिष दाखवून माणसाला शोषणासाठी नेणं, ठेवून घेणं हे सगळं येतं, राज्याची सीमा ओलांडायलाच पाहिजे असं काही नाही. पेशंट म्हणाला 'मी माझ्या मर्जीनं आलो' तरी कायद्यात त्या संमतीला अर्थ नाही. वय 18 च्या आत वाटलं तर 1098 ही मुलांची हेल्पलाईन किंवा पोलिसांचा 112, आणि लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, कलम 19 नुसार कळवणं बंधनकारकच आहे, 'मॅटर नको' म्हणून गप्प बसता येत नाही. मोठी बाई असेल तर तिच्याशी बोलून ठरवा, 181 हा महिला हेल्पलाईनचा नंबर द्या, पण चिठ्ठीवर नको, चिठ्ठी सोबतच्याच्या हातात पडते, पाठ करून घ्या.

प्रश्न: ऊसतोडीची टोळी पण मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊनच येते. म्हणजे आमच्या शिवारातल्या प्रत्येक मुकादमावर केस करायची काय?

उत्तर: नाही ओ. नुसती उचल घेतली म्हणजे वेठबिगारी होत नाही. पण हिशोब दाखवत नाहीत, सीझन संपला तरी जाऊ देत नाहीत, बाई आजारी पडली तर दवाखान्यात न्यायच्या आधी 'खाडा (बुडालेल्या दिवसाचा दंड) कोण भरणार' विचारतात, नवरा पळाला म्हणून बायकापोरांना कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, अडकवून ठेवतात, तिथं 1976 चा वेठबिगार कायदा लागतो. अर्ज प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं. वेठबिगारी सिद्ध झाली की ती उचल फेडायची जबाबदारीच संपते, मुक्तीचा दाखला मिळतो, हे टोळीतल्या लोकांना कुणी सांगतच नाही. माझं तर म्हणणं, आपल्या जिल्ह्यात ट्रेनिंग द्यायचंच तर ऑक्टोबरात, टोळ्या उतरायच्या आत, आणि गावच्या आशाताईंना पहिल्या रांगेत बसवा, कोपीपर्यंत त्याच जातात.

प्रश्न: मी सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर, रिक्षा लावतो. एखादा माणूस घाबरलेल्या पोरींना घेऊन चाललाय असं वाटलं तर आम्ही पोरं मिळून त्याला धरू का?

उत्तर: दादा, अजिबात नको. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं ठार मारलं, ते भिक्षा मागणारे डवरी गोसावी समाजाचे होते, तस्करीशी काही संबंध नव्हता. तेव्हा कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. 112 लावा, गाडी नंबर, कपडे, कुठल्या बसमध्ये चढले, निपाणीची का रत्नागिरीची, एवढं सांगा. कंट्रोलरच्या खिडकीत जाऊन सांगितलं तर बस दोन मिनिटं थांबवता येते का ते ते बघतील. फोटो काढलाच तर तो फक्त पोलिसांना, ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका, पीडित मुलीची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. आणि ती स्वतःच तुमच्या रिक्षात येऊन बसली, 'दादा इथनं लांब न्या' म्हणाली, तर भाडं विचारत बसू नका, जवळचं पोलीस स्टेशन गाठा, वाटेत 112 लावून ठेवा, म्हणजे तिथं महिला पोलीस तयार राहतील.