वेग आहे, पण चपळाई कमी पडते

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी शाळेच्या खो-खो संघात आहे. सरळ धावण्यात ती सर्वांत पुढे असते, पण संरक्षण करताना लगेच बाद होते. तिने वजन कमी करावे का? – एक पालक, सांगली

उत्तर : सरळ धावण्याचा वेग आणि चपळाई या निराळ्या क्षमता आहेत. खो-खोमध्ये आक्रमकाला एकदा घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही, संरक्षकाला मात्र ती मुभा असते. म्हणून वेगात असताना अचानक थांबून, तोल न जाऊ देता उलट दिशेला निघणे हे तिचे खरे काम आहे. थांबताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, आणि ही ताकद नुसत्या धावण्याने पुरेशी वाढत नाही. त्यासाठी उठाबशा, पुढे पाऊल टाकून गुडघा वाकवणे आणि उडी मारून मऊपणे जमिनीवर उतरणे हे व्यायाम उपयोगी पडतात. वळताना कंबर व गुडघे वाकवून गुरुत्वमध्य खाली आणावा लागतो. घोट्याची हालचाल आखडलेली असेल किंवा पोटा-पाठीचे स्नायू दुबळे असतील, तर धड बाहेरच्या बाजूला झुकते आणि नेमका तेवढाच क्षण वाया जातो.

अनावश्यक चरबी अडथळा ठरते, हे खरे. पण वाढत्या वयात आहार तोडणे मला मुळीच मान्य नाही. या वयात उंची झपाट्याने वाढत असल्यास हालचालींतील मेळ काही काळ बिघडू शकतो. पूर्वी घोटा मुरगळला असल्यास मात्र फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावा.