शाखांतल्या सर्व्हरसाठी बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरच्या क्लायंटचं स्वतःचं पॅकेज बनवावं का?

म्हापसा आणि मडगावला डेबियन लिनक्सचे सर्व्हर, बॅकअप चालवणारा बॅक्युलाचा मुख्य प्रोग्राम, म्हणजे डायरेक्टर, पणजीत, असं तुम्ही लिहिलंय. मग बनवा की, पण त्यात फक्त फाइल डीमन घाला, म्हणजे शाखेतल्या फाइली वाचून बॅकअपला पाठवणारा क्लायंट. डायरेक्टरला लागणाऱ्या डेटाबेसची अडगळ शाखेत कशाला? पासवर्ड पॅकेजमध्ये अजिबात नको, नाहीतर सगळ्या घरांना एकच किल्ली. इन्स्टॉलनंतरच्या स्क्रिप्टने प्रत्येक मशीनचा वेगळा तयार करावा, तोच डायरेक्टरकडेही नोंदवावा. आणि स्क्रिप्ट जी फाइल बदलते ती कॉन्फफाइल (जिच्यातले स्थानिक बदल अपग्रेडमध्ये जपले जातात अशी पॅकेजमधली सेटिंग फाइल) ठरवू नका. तसं केलंत तर पुढच्या अपग्रेडला डीपीकेजी, म्हणजे डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम, 'कुठली फाइल ठेवू?' विचारत अडून बसेल, रात्री दोनला उत्तर द्यायला कोण असणार!

शाखेच्या फायरवॉलवर फाइल डीमनचं ९१०२ पोर्ट फक्त डायरेक्टरसाठी उघडा. क्लायंटची आवृत्ती डायरेक्टरपेक्षा नवी चालत नाही, म्हणून अपग्रेड आधी पणजीत.