जमिनीच्या वाटणीबद्दल सख्ख्या भावाशी भांडण न होता कसं बोलावं?

भांडण होणारच नाही, ही अपेक्षा आधी सोडा. भांडून झाल्यावर काहीतरी ठरतंय का, तेवढं बघा.

आमच्याकडे वडिलांच्या तेराव्याची पंगत उठली, खरकटी भांडी अजून मागच्या दारी पडलेली, आणि काकांनी हक्कसोडपत्र पुढ्यात सरकवलं. माझं नाव, गट नंबर, 'स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय', सगळं आधीच टाइप केलेलं. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. भाऊ भिंतीकडे बघत होता. "बहिणी सोडतातच. तुला तिकडे काय कमी आहे?" इति काका. मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. "वाचून सांगते." झालं, घरात सुतक नव्याने सुरू.

पुढे भावाला एकट्यालाच तालुक्याला बोलावलं, एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात. वहिनी नाही, आमचे हे नाहीत, काका तर नाहीतच. चारचौघांत माणूस बोलत नाही, नुसता ताठतो. सातबारा टेबलावर ठेवला, पण हक्काचं काढलंच नाही. विचारलं, "सोसायटीचं किती देणं आहे?" तिथं तो मोकळा झाला. विहिरीपायी काढलेलं कर्ज मला माहीतच नव्हतं. त्याची खरी धास्ती ही, की मी हिस्सा विकून कुणी परका बांधावर आणून बसवीन. माझी ही, की नाव गेलं की आईच्या दुखण्याखुपण्यातही मला कुणी विचारणार नाही. ठरलं असं: वारस नोंदीत सगळ्यांची नावं, कसणार तो, विकायची वेळ आली तर आधी त्याला विचारायचं.

काकांच्या मते मी कायदा शिकून माहेर मोडलं. अहो, मुलीलाही मुलाइतकाच वाटा देणारा हा कायदा महाराष्ट्रात १९९४ पासून आहे, देशभर २००५ च्या दुरुस्तीपासून. त्या दुरुस्तीच्या वेळी बाप हयात असायची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं.

हां, हे वडिलोपार्जित जमिनीचं. वडिलांनी स्वतः घेतलेली असेल आणि मृत्युपत्र केलं असेल, तर हिशोब वेगळा. आणि भाऊ पिऊन अंगावर येणारा असेल तर हॉटेल-बिटेल विसरा, वकील गाठा.

मध्ये कुणी काका तोंड घालतीलच. त्यांना विचारा, तुमच्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावरून कसं गेलं? आमची आत्या हयात आहे, तिलाच विचारू म्हटलं, तर काका ताट सोडून उठले.