एमआरआयमध्ये खांद्याच्या बायसेप्स टेंडनला (दंडाचा बायसेप्स स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) सूज आली आहे. ऑपरेशन करावंच लागेल का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खांद्याचे रुग्ण रोज बघते. हात वर नेताना आणि वजन उचलताना खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, असं तुम्ही लिहिलंय. नुसत्या सुजेसाठी बहुतेकांवर ऑपरेशनची वेळ येत नाही, त्यामुळे रिपोर्ट वाचून घाबरू नका. मात्र डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: माझा रोटेटर कफ, म्हणजे खांद्याभोवतीच्या चार स्नायूंचा गट, कसा आहे?

बायसेप्सचं लांब टेंडन खांद्याच्या वाटीच्या वरच्या काठापासून निघतं आणि दंडाच्या हाडातल्या खोबणीतून खाली उतरतं. ते खोबणीत टिकून राहण्यात कफच्या पुढच्या स्नायूचा, सबस्कॅप्युलॅरिसचा, मोठा वाटा असतो. तो फाटला की टेंडन आतल्या बाजूला घसरतं, घासतं, सुजतं. एकट्या बायसेप्सचंच दुखणं असलेले रुग्ण मला कमीच भेटतात. मूळ कारण तसंच राहिलं तर बायसेप्सवर कितीही शेक घ्या, दुखणं परत येतं.

तपासताना आम्ही खोबणीवर बोटाने दाबून बघतो. स्पीड टेस्टमध्ये कोपर सरळ आणि तळवा वर ठेवून हात पुढे उचलायला लावतात आणि वरून विरोध करतात. येरगॅसन टेस्टमध्ये कोपर ९० अंशांत वाकवून तळवा वर फिरवायला लावतात, त्यालाही विरोध करून. पण या चाचण्या खांद्याच्या इतर आजारांतही दुखतात, म्हणून एकीवर निदान ठरवू नये. सोनोग्राफी मला फार उपयोगी वाटते, कारण हात फिरवताना टेंडन जागेवरून सरकतं का ते तिथेच दिसतं.

हात डोक्यावर नेऊन करायची आणि जड ओढण्याची कामं काही आठवडे थांबवा, पण हात गळ्यात बांधून ठेवू नका, खांदा आखडेल. कफ आणि खांद्याच्या फऱ्याचे व्यायाम हळूहळू वाढवत नेटाने करावे लागतात. फरक पडायला ६ ते १२ आठवडे लागू शकतात. तरीही दुखत राहिलं तर स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. ते सोनोग्राफीवर बघत टेंडनच्या भोवतीच्या आवरणात द्यावं, खुद्द टेंडनमध्ये नाही. त्याने दुखणं चटकन थांबलं तर निदानालाही दुजोरा मिळतो.

एवढ्याने भागलं नाही तरच ऑपरेशनचा विचार. टेनॉटॉमीत टेंडन वरून कापून सोडवतात. हात लवकर कामाला लागतो, पण बेटकुळी खाली उतरलेली दिसू शकते आणि कधी दंडात गोळे येतात. टेनोडेसिसमध्ये ते दंडाच्या हाडाला पुन्हा बसवतात, आणि त्यानंतर हात जास्त दिवस जपावा लागतो.

कधी फटकन आवाज होऊन दंड काळानिळा पडला आणि बेटकुळी कोपराकडे सरकली, तर टेंडन खांद्यापाशी तुटलंय. लगेच दाखवा, पण वयस्कर माणसांचं बरेचदा ऑपरेशनशिवाय निभावतं. बेटकुळी उलट खांद्याकडे चढली तर मात्र बायसेप्सचं कोपराकडचं टेंडन तुटलेलं असतं. तिथे ऑपरेशन करायचं ठरलं तर ते पहिल्या २-३ आठवड्यांत झालेलं बरं, म्हणून त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठा.