टिश्यू कल्चर शिकायचंय, पण केळीसाठी नाही

मुलुंडहून एका आईंनी लिहिलंय. मुलगी बारावी सायन्सला, ग्रुप पीसीबी. नीटचा क्लास मध्येच सोडला आणि आता म्हणते, सह्याद्रीतली दुर्मिळ झाडं टिश्यू कल्चरने (झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोप तयार करून) वाढवून पुन्हा जंगलात लावणार. ‘खुरपं घेऊन नर्सरीत बसणार का, असं तिचे बाबा विचारतात. यात खरंच पोट भरतं का?’

नमस्कार ताई,

पोट भरतं, पण बाबांची काळजी अगदीच अनाठायी नाही. टिश्यू कल्चर लॅबमधल्या बहुतेक नोकऱ्या केळी, ऊस आणि शोभेच्या झाडांच्या. दुर्मिळ वृक्षांचं काम चालतं ते मुख्यतः संशोधन संस्था आणि विद्यापीठांच्या प्रकल्पांतून. प्रकल्पाची मुदत संपली की पुढचा शोधायचा. हे तिला आजच माहीत असलेलं बरं.

काम कसं असतं तेही सांगते, कारण फोटोत फक्त हिरव्यागार बाटल्या दिसतात. जंगलातून कोवळी फांदी आणायची (वनखात्याची परवानगी काढून), डोळा असलेला सेंटीमीटरभर तुकडा कापायचा, निर्जंतुक करायचा आणि लॅमिनारसमोर (जंतुविरहित हवा सोडणारं टेबल) बसून, चिमटा पुन्हा पुन्हा तापवत, एकेका बाटलीत रोवायचा. चार दिवसांनी पाहावं तर कित्येक बाटल्यांत पांढरी बुरशी. वाचलेल्यांपैकी काहींच्या कापल्या जागेतून फिनॉल झिरपतं, माध्यम चहासारखं तपकिरी होतं आणि तुकडा मरतो. मग नवा तुकडा, हार्मोनचं नवं प्रमाण. केळीचा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेली कृती, आयता मिळतो. जंगली वृक्षाचा बसवण्यात वर्षं जातात.

मुळं फुटली तरी निम्मंच झालं. बाटलीत हवा दमट आणि साखर आयती, त्यामुळे पानांवर मेणाचा थर धड धरत नाही, पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. तसंच बाहेर काढलं तर रोप बघता बघता मान टाकतं. म्हणून हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवेची हळूहळू सवय: कोकोपीट, मिस्ट चेंबर (धुक्यासारखं पाणी फवारणारी खोली), मग शेडनेट. त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडाशी जंगलात लावलेलं रोप पुढचा एप्रिल-मे काढतं का, हे बघायला पुन्हा तिथेच जायचं.

आणि लावायचं काय, हा प्रश्न लॅबमध्ये सुटतच नाही. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. या झाडांत नर-मादी वेगळे. टिश्यू कल्चरचं रोप मूळ झाडाची नक्कल असतं, म्हणून एकाच मादी झाडापासून हजार रोपं केलीत तर हजारही मादीच. आसपास नर नसेल तर फळ धरणार कसं? त्यामुळे तुकडे घ्यायला जितकी जमतील तितकी वेगवेगळी झाडं, नर आणि मादी दोन्ही, शोधावी लागतात. या झाडांचं बी वाळवून साठवता येत नाही, त्यामुळे इथे लॅबचा उपयोग आहे. पण जिथे बी सहज रुजतं तिथे टिश्यू कल्चरचा हट्ट धरणं मला तरी पैशांची उधळपट्टी वाटते. कोकणातला नरक्या हा वृक्ष तर कॅन्सरवरच्या औषधाला लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिनपायी तोडला गेला. तिथे तोड थांबवल्याशिवाय रोपं लावून काय होणार?

म्हणून माझा सल्ला: नाव आकर्षक वाटलं तरी पदवीला नुसती बायोटेक्नॉलॉजी नको. झाड ओळखता आलं पाहिजे. मुंबईतच राहायचं तर रुईया किंवा झेवियर्समध्ये बॉटनी; बाहेर पाठवायची तयारी असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय. मला विचाराल तर दापोली. लॅब एमएस्सीला शिकता येते, जंगलात वावरायची सवय मात्र लवकर लागलेली बरी. पुढे डेहराडूनची वन संशोधन संस्था, कोइम्बतूरची वन आनुवंशिकी संस्था, तिरुअनंतपुरमजवळ पालोडची वनस्पती उद्यान संस्था ही दारं आहेत. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप) मिळालं तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये फेलोशिप आहे. बाबांना सरकारी नोकरीच हवी असेल तर बॉटनी किंवा वनशास्त्राच्या पदवीवर यूपीएससीची भारतीय वनसेवाही देता येते.

त्याआधी एक करा. बारावीनंतरच्या सुट्टीत तिला एखाद्या व्यावसायिक टिश्यू कल्चर लॅबमध्ये महिनाभर काम करू द्या, केळीचं असलं तरी चालेल. रोज तासन्‌तास एका जागी बसून तेच ते कापणं तिला झेपतं का, ते कळेल. कंटाळली तर वनशास्त्रात लॅबबाहेरचं काम भरपूर आहे.

आणि नीट सोडली म्हणून एमएचटी-सीईटीच्या फॉर्मची तारीख चुकवू नका. दापोलीच्या प्रवेशासाठी या राज्य प्रवेश परीक्षेचे गुण धरले जातात.