सूड ‘उगवतो’ तरी कसा?

ऐरोलीची एक मैत्रीण वेबमालिकांसाठी मराठी मजकूर लिहिते. सारांश, जाहिरातीची ओळ, सबटायटलं, सगळंच. परवा तिच्या वाट्याला एक सूडकथा आली. नायिका ठाण्याची, नौपाड्यातल्या एका कार्यालयात हिशेब लिहिणारी. बहिणीचे मारेकरी पुराव्याअभावी सुटतात आणि ही त्यांना एकेक करून गाठते. मैत्रिणीने लिहिलं, ‘ती प्रत्येकावर सूड उगवते.’ वरिष्ठांनी ‘उगवते’ खोडून ‘घेते’ केलं आणि समासात शेरा मारला: ‘सूर्य उगवतो, मेथी उगवते. सूड कसा उगवेल?’ मैत्रिणीने मला विचारलं, हे खरंच चूक आहे का? आणि जाता जाता, ‘व्हिजिलान्टी’ला, म्हणजे पोलीस-कोर्टाची वाट न पाहता स्वतःच शिक्षा देत सुटणाऱ्याला, मराठीत काय म्हणायचं?

चूक अजिबात नाही. सूर्याचं उगवणं आणि सुडाचं उगवणं ही दिसायला जुळी, पण क्रियापदं दोन आहेत. भूतकाळात नेलं की लगेच कळतं. ‘मेथी उगवली’, पण ‘तिने सूड उगवला’. पहिलं अकर्मक, दुसरं सकर्मक. हे सकर्मक उगवणे (किंवा उगविणे) जुन्या मराठीत गुंता सोडवणे, येणे वसूल करणे अशा अर्थांनी वापरात होतं. ‘उगवणी’ म्हणजे वसुली. बाकीचे अर्थ झिजून गेले, सुडाच्या सोबतीने तेवढं हे क्रियापद तगलं. म्हणजे सूड उगवणारी बाई काही पेरत नाही, थकबाकी वसूल करते. हिशेब लिहिणाऱ्या नायिकेला याहून चपखल क्रियापद कुठून आणणार!

आणि हा वहीखात्याचा वास एकट्या ‘उगवण्या’ला नाही. उट्टं फेडतात, कर्जही फेडतात. हिशेब चुकता करतात. ‘बदला’ अरबीतून आला, देवाणघेवाणीच्या धातूतून. बदल आणि बदली त्याचीच भावंडं. (घोडे बदलायची जागा म्हणून बदलापूर, अशी आख्यायिका आहे. ठाणे स्टेशनात उभं राहून बदलापूर लोकलची घोषणा ऐकताना निदान मला तरी सूड आठवत नाही.) संस्कृतातही तेच. अमरकोश हा जुना समानार्थी शब्दांचा कोश सुडाचे शब्द देतो, ‘वैरशुद्धिः प्रतीकारो वैरनिर्यातनं च सा’. निर्यातन म्हणजे परत करणं, ठेव परत करावी तसं. ‘प्रतिशोध’मधला शोध हा ऋणशोधनातला, म्हणजे फेडीचा, हरवलेली वस्तू शोधण्याशी त्याचा संबंध नाही. तरी सारांशात प्रतिशोध नको, तो हिंदी पोस्टरवरून उतरल्यासारखा वाटतो. ‘वचपा’ क्रिकेटच्या बातमीत शोभतो. बहिणीच्या खुनाचा वचपा कोणी काढत नाही.

मग ‘घेते’ आणि ‘उगवते’ यांत काहीच फरक नाही? आहे, आणि वरिष्ठांनी खरं तर तो धरायला हवा होता. सूड घेतात तो बहुधा ज्याने केलं त्याचाच. ‘वर’ लावून उगवला की मात्र नेम चुकायची शक्यता डोकावते. ‘साहेब ओरडला, त्याचा सूड घरी पोरांवर उगवला’ हे आपण सर्रास म्हणतो. इथे ‘पोरांचा सूड घेतला’ म्हटलं तर पोरांनीच काही केलं होतं असं होईल. तेव्हा नायिका नेमका नेम धरणारी असेल तर ‘घेते’ ठीक. सहाव्या भागात एखादा निरपराध माणूस भरडला जात असेल तर ‘उगवते’च ठेव.

एक सावधगिरी ‘चा’बद्दल. मालिकेचं कच्चं नाव म्हणे ‘बहिणीचा सूड’ आहे. हा सूड बहिणीसाठी घेतलेला, बहिणीवर घेतलेला, की बहिणीनेच घेतलेला? मराठी षष्ठी तिन्हींना सारखीच आसरा देते. प्रेक्षकाला कोड्यात टाकायचं असेल तर नाव झकास आहे. नसेल तर ‘बहिणीच्या खुनाचा’ एवढं तरी लिहावं.

आता व्हिजिलान्टी. शब्द स्पॅनिश, मूळ अर्थ पहारेकरी. यंत्राने केलेल्या भाषांतरात मैत्रिणीला ‘दक्ष महिलेची सूडकथा’ असं मिळालं होतं. आपल्याकडे दक्ष नागरिक म्हणजे घोडबंदर रोडवरच्या खड्ड्याचा फोटो पालिकेला पाठवणारे काका! ‘रणरागिणी’ही नको, पाण्यासाठी हंडा घेऊन निघालेल्या प्रत्येक मोर्च्यात ती वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. वाक्यात बसवायचं तर ‘कायदा हातात घेणारी’ हे सरळ आणि सगळ्यांना कळणारं.

पण नामच हवं असेल तर मी ‘एकांडी शिलेदार’ सुचवेन. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन येई. पोलीस म्हणजे बारगीर, ही बाई शिलेदार. उपमा एका जागी लंगडते, कारण शिलेदारही शेवटी सरकारच्याच चाकरीत असे आणि हिला कोणी बोलावलेलं नाही. ती उणीव ‘एकांडी’ बऱ्यापैकी भरून काढते. ‘शिलेदारीण’ मात्र करू नये, ती शिलेदाराची बायको वाटेल.